आठ कलांची चूक: सूर्यकेंद्री ग्रहमाला खगोलज्ञांनी कशी स्वीकारली

१६०० च्या फेब्रुवारीत जर्मन गणिती योहानेस केप्लर प्रागजवळच्या बेनाट्की इथल्या गढीत पोहोचला. डॅनिश खगोलज्ञ टायको ब्राहेचं वेधांचं, म्हणजे ग्रहताऱ्यांच्या जागा मोजण्याचं, काम तिथे चालू होतं आणि टायकोचा सहायक लाँगोमोंटॅनस मंगळाशी झगडत बसला होता. तो ग्रह केप्लरच्या वाट्याला आला. आठ दिवसांत हिशेब लावून दाखवतो, असं केप्लर म्हणाला. पाच वर्षं लागली.

पृथ्वी सूर्याभोवती फिरते हे खगोलज्ञांना पटलं, ते मुख्यतः या पाच वर्षांतल्या कामामुळे आणि पुढे त्यातून निघालेल्या, ग्रहांच्या जागा काढून देणाऱ्या कोष्टकांमुळे. दुर्बीण आणि गॅलिलिओवरचा चर्चचा खटला यांचं महत्त्व आहेच. पण रोज ग्रह काढणाऱ्या गणिती माणसाने बाजू बदलली ती दृक्प्रत्ययावर. आपल्या पंचांगकर्त्यांचा हा शब्द इथे नेमका लागू पडतो: गणिताने काढलेला ग्रह आकाशात त्याच जागी दिसला पाहिजे.

पार्श्वभूमी

दीड हजार वर्षं युरोप आणि पश्चिम आशियातल्या ग्रहगणिताचा पाया होता अलेक्झांड्रियाच्या टॉलेमीचा, इ. स. १५० च्या सुमाराचा ग्रंथ. त्यात पृथ्वी स्थिर. ग्रह एका छोट्या वर्तुळावर फिरतो आणि त्या छोट्या वर्तुळाचं केंद्र मोठ्या वर्तुळावर सरकतं. पंचांगातलं मंदफल-शीघ्रफलाचं गणित ज्यांनी हाताने केलं आहे त्यांना ही रचना ओळखीची वाटेल. मोठ्या वर्तुळाचं केंद्र पृथ्वीपासून थोडं बाजूला असतं, आणि गती एकसमान दिसते ती त्याच्याही पलीकडच्या एका तिसऱ्या बिंदूवरून. या बिंदूला आपण समगती-बिंदू म्हणू. मंगळाचं गाडं पुढे त्याच्यापाशीच अडलं.

कोपर्निकसचा ग्रंथ १५४३ मध्ये न्युरेंबर्गला छापला गेला. सूर्य मध्ये आणल्याने दोन गोष्टी आपोआप सुटल्या. पृथ्वी आतल्या, वेगवान कक्षेतून मंगळाला मागे टाकते तेव्हा मंगळ मागे सरकल्यासारखा दिसतो. म्हणून मंगळ, गुरू आणि शनी वक्री होतात ते नेहमी सूर्याच्या समोर असताना. टॉलेमीच्या रचनेत हा निव्वळ योगायोग होता. दुसरं, ग्रहांची अंतरं एका मापात आली: पृथ्वीचं अंतर १ धरलं तर मंगळाचं सुमारे १.५२ आणि गुरूचं ५.२. टॉलेमीत प्रत्येक ग्रहाचं माप वेगळं होतं, ती एकमेकांशी जोडायला काही साधन नव्हतं.

कोष्टकं मात्र फारशी सुधारली नाहीत. कोपर्निकसने समगती-बिंदू काढून टाकला आणि त्या जागी आणखी छोटी वर्तुळं घातली. हाती असलेले वेध बरेचसे जुनेच होते. आणि त्याच्या रचनेचं केंद्र प्रत्यक्ष सूर्य नव्हताच. ते होतं पृथ्वीच्या कक्षेचं केंद्र, सूर्यापासून जरा बाजूला असलेला एक रिकामा बिंदू. शाळेच्या पुस्तकात ही गोष्ट येत नाही, पण पुढचं सगळं समजायला ती लागते.

कोपर्निकसच्या गणितावरून राइनहोल्डने १५५१ मध्ये 'प्रुटेनिक' कोष्टकं केली. १५६३ मध्ये सोळा वर्षांच्या टायकोने गुरू-शनीची युती पाहिली, तेव्हा तेराव्या शतकातली 'आल्फॉन्साइन' कोष्टकं जवळपास महिनाभराने चुकली होती आणि प्रुटेनिक काही दिवसांनी. सुधारणा होती, पण टायकोला दोन्ही असह्य वाटली. पुढे व्हेन बेटावर त्याने वीस वर्षं वेध घेतले. भिंतीवर बसवलेल्या त्याच्या मोठ्या पितळी चतुर्थांश यंत्राची त्रिज्या दोन मीटरच्या आसपास होती. तेवढ्या त्रिज्येवर एक कला (अंशाचा साठावा भाग) म्हणजे जेमतेम अर्धा मिलिमीटर. ते अर्धा मिलिमीटर वाचता यावं म्हणून कडेवर तिरप्या ठिपक्यांच्या ओळी कोरलेल्या होत्या. दुर्बिणीशिवाय, नुसत्या डोळ्यांनी घेतलेले त्याचे चांगले वेध एक-दोन कलांपर्यंत बरोबर असत.

अडचण

१६०० च्या सुमाराला पृथ्वी खरोखर फिरते असं मानणारे खगोलज्ञ हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते. बाकीचे अडाणी किंवा भित्रे होते असं समजणं चूक ठरेल. त्यांचे आक्षेप मोजमापातून आलेले होते.

पृथ्वी वर्षभरात एवढी मोठी प्रदक्षिणा घालत असेल, तर जवळचे तारे सहा महिन्यांच्या अंतराने थोडे सरकलेले दिसायला हवेत. टायकोच्या यंत्रांना एक कलासुद्धा सरक दिसली नाही. म्हणजे तारे शनीच्या कित्येक शेकडो पट दूर मानायला हवेत. इथवर फार तर अंतराची कल्पना ताणावी लागते. पण साध्या डोळ्यांना मध्यम तेजाचा तारा सुमारे एक कला रुंद दिसतो असं त्या काळी मानत. इतक्या दूरचा तारा एक कला रुंद दिसत असेल, तर तो पृथ्वीच्या संपूर्ण कक्षेएवढा असला पाहिजे. टायकोला हे अशक्य वाटलं. त्याच्या हाती जे आकडे होते त्यांवरून हा निष्कर्ष रास्तच होता. चूक होती ताऱ्याच्या दिसणाऱ्या रुंदीत: ती डोळ्याने आणि प्रकाशाने निर्माण केलेली असते, ताऱ्याची नसते. हे कळायला फार काळ जायचा होता.

त्याशिवाय जड पृथ्वी फिरवणार कोण, आणि वरून टाकलेला दगड मागे का पडत नाही, हे प्रश्न होते. बायबलमधल्या वचनांचा प्रश्न होताच.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय टॉलेमीवर राहण्याचा. दुसरा, पुष्कळांनी प्रत्यक्षात वापरलेला: कोपर्निकसचं गणित घ्यायचं आणि पृथ्वीच्या गतीबद्दल बोलायचंच नाही. कोपर्निकसच्या ग्रंथाला ओसियांडरने जोडलेल्या निनावी प्रस्तावनेत हीच वाट दाखवलेली होती आणि विटेनबर्गचे गणिती तिच्यावरून चालले. याला पळवाट म्हणण्याचा मोह होतो, पण या मंडळींमुळेच कोपर्निकसचं गणित पन्नास वर्षं विद्यापीठांत शिकवलं गेलं, तपासलं गेलं.

तिसरा टायकोचा स्वतःचा, १५८८ मध्ये छापलेला: इतर ग्रह सूर्याभोवती, आणि सूर्य त्यांच्यासकट पृथ्वीभोवती. कोपर्निकसच्या रचनेतले ग्रहांमधले सगळे कोन इथे जसेच्या तसे मिळतात आणि ताऱ्यांच्या सरकेची अडचण उरत नाही. १६०० मध्ये हा सर्वांत समंजस पर्याय होता, असंच मी म्हणेन. चौथा म्हणजे पृथ्वी खरोखर फिरते असं धरून आक्षेपांचं ओझं डोक्यावर घेणं. केप्लर या चौथ्या वाटेचा प्रवासी होता.

निर्णयाची पहिली जागा: कुठला सूर्य?

मंगळ हाती येताच केप्लरने एक हट्ट धरला. प्रतियुती, म्हणजे ग्रह सूर्याच्या बरोबर समोर येतो तो क्षण, मोजायची ती खऱ्या, दिसणाऱ्या सूर्यापासून. कोपर्निकस आणि टायको ती 'मध्यम' सूर्यापासून, म्हणजे एकसमान गतीने फिरणाऱ्या काल्पनिक सूर्यापासून मोजत. खरा आणि मध्यम सूर्य यांच्यात दोन अंशांपर्यंत फरक पडतो, त्यामुळे प्रतियुतीची वेळ बदलते. सगळ्या प्रतियुती नव्याने काढाव्या लागल्या.

केप्लरचं कारण भौतिक होतं. ग्रहाला फिरवणारं बळ रिकाम्या बिंदूतून येणार नाही, ते सूर्यातूनच येणार. फळ लगेच मिळालं. कोपर्निकसला मंगळाच्या कक्षेची पातळी डोलवावी लागत होती, कारण ती चुकीच्या बिंदूतून नेलेली होती. खऱ्या सूर्यातून नेल्यावर ती १ अंश ५० कलांच्या तिरकसपणावर स्थिर झाली. मंगळाचे शर, म्हणजे क्रांतिवृत्ताच्या (सूर्याच्या आकाशातल्या वाटेच्या) वर-खाली सरकणं, एका साध्या नियमात बसले. माझ्या मते या प्रकरणातला हा सर्वांत कमी चर्चिलेला आणि सर्वांत मोलाचा निर्णय आहे.

दुसरी जागा: आठ कला

प्रतियुतीच्या क्षणी सूर्य, पृथ्वी आणि मंगळ एका रेषेत असतात, त्यामुळे मंगळ पृथ्वीवरून ज्या दिशेला दिसतो तीच सूर्यावरूनची दिशा. म्हणून सुरुवात प्रतियुतींपासून. केप्लरने १५८७, १५९१, १५९३ आणि १५९५ या चार निवडल्या. त्याने कक्षा वर्तुळ धरली आणि समगती-बिंदू परत आणला, पण सूर्य, केंद्र आणि समगती-बिंदू यांच्यातली दोन अंतरं सारखी धरली नाहीत; ती चार वेधांवरून काढायची ठरवली. याचं थेट सूत्र निघत नाही. एक अंदाज घ्यायचा, चारही जागा काढायच्या, चूक पाहायची, अंदाज बदलायचा. सत्तर फेऱ्या झाल्या. गुणाकाराची बेरीज करून देणारे लॉगॅरिथम अजून आलेले नव्हते. प्रत्येक फेरी म्हणजे हाताने केलेले पानंच्या पानं गुणाकार.

शेवटी सूर्य ते केंद्र ०.११३ आणि केंद्र ते समगती-बिंदू ०.०७२ असे आकडे आले (कक्षेची त्रिज्या १ धरून). टायकोच्या आणि स्वतःच्या मिळून बारा प्रतियुती दोन कलांच्या आत जुळल्या. एवढ्यावर थांबला असता तरी युरोपातला सर्वोत्तम मंगळ त्याच्याच नावावर जमा झाला असता.

तो थांबला नाही. त्याने तीच कक्षा वेगळ्या वेधांवर, शरांवर, घासून पाहिली. शरांवरून सूर्य ते केंद्र हे अंतर ०.०८ ते ०.०९९ च्या दरम्यान येत होतं. ०.११३ बसेना. मग टॉलेमीसारखी दोन्ही अंतरं समान, म्हणजे सुमारे ०.०९३ धरून पाहिली. अंतरं सुधारली, पण दिशा बिघडल्या. कक्षेच्या सूर्याला सर्वांत जवळच्या आणि दूरच्या टोकांपासून सुमारे ४५ अंशांवर मंगळ आठ कलांपर्यंत चुकू लागला.

आठ कला म्हणजे पूर्ण चंद्राच्या रुंदीचा पाव भाग. टॉलेमीचे वेध दहा कलांपर्यंत चुकत, त्यामुळे त्याच्या काळी असल्या चुकीकडे डोळेझाक करणं योग्यच ठरलं असतं. केप्लरने हिशेब उलटा मांडला: टायकोचा वेध आठ कलांनी चुकत नाही, तेव्हा चूक माझ्या गृहीतकात आहे. आणि गृहीतकं दोनच होती: वर्तुळ आणि समगती-बिंदू.

आधी पृथ्वीची कक्षा

इथे त्याने मंगळ बाजूला ठेवला आणि पायाखालची जमीन तपासली. आपण ज्या पृथ्वीवरून बघतो तिचीच कक्षा चुकीची असेल तर मंगळ बरोबर यायचा कसा?

रीत अशी. मंगळ ६८७ दिवसांनी कक्षेत त्याच जागी येतो. तेवढ्या काळात पृथ्वीच्या दोन फेऱ्या पुऱ्या होत नाहीत, सुमारे ४३ अंश उरतात. म्हणून ६८७ दिवसांच्या अंतराने घेतलेल्या वेधांत मंगळ खांबासारखा एका जागी उभा असतो आणि पृथ्वी दरवेळी वेगळ्या जागी. सूर्य-पृथ्वी-मंगळ त्रिकोणाचे दोन कोन माहीत असले की बाजूंची गुणोत्तरं निघतात. नदीपलीकडच्या झाडाचं अंतर अलीकडच्या काठावरून काढतात, तीच युक्ती उलटी लावलेली.

निष्कर्ष: सूर्य पृथ्वीकक्षेच्या केंद्रापासून ०.०१८ इतकाच बाजूला आहे. तोवर तो ०.०३६ धरत, कारण पृथ्वीची (किंवा सूर्याची) गती एकसमान मानलेली होती. म्हणजे पृथ्वीही सूर्याजवळ खरोखर जलद आणि दूर गेल्यावर खरोखर सावकाश चालते. इतर ग्रह वागतात तशी. पृथ्वी हाही एक ग्रह आहे, या म्हणण्याला पहिल्यांदाच मोजमापाचा आधार मिळाला.

वर्तुळ सुटलं

समगती-बिंदूच्या जागी केप्लरने क्षेत्रफळाचा नियम आणला: सूर्यापासून ग्रहापर्यंतची रेषा समान वेळात समान क्षेत्रफळ व्यापते. तिथवर पोहोचताना त्याने दोन चुका केल्या. वेगाचा नियम चुकीचा धरला, आणि अंतरांची बेरीज म्हणजेच क्षेत्रफळ असं मानलं. या दोन चुकांनी एकमेकींना कापलं आणि नियम बरोबर निघाला.

वर्तुळावर हा नियम लावला तर मंगळ एका बाजूला सात-आठ कला चुकतो. मग त्याने बाजू आत दाबलेली, अंड्याच्या आकाराची कक्षा घेतली. आता मंगळ जवळपास तेवढाच विरुद्ध बाजूला चुकला. अंडाकृती वर्तुळापासून त्रिज्येच्या ०.००८५८ इतकी आत जात होती. खरी कक्षा दोन्हींच्या मधोमध, म्हणजे ०.००४२९ आत.

त्या आकड्यावर तो अडून बसला. मग कधीतरी सूर्यावरून आणि केंद्रावरून मंगळाकडे पाहताना पडणारा सर्वांत मोठा कोन त्याच्यासमोर आला: ५ अंश १८ कला. त्याची छेदक-ज्या (सेकंट) १.००४२९. तोच आकडा! झोपेतून जागं झाल्यासारखं वाटलं, असं त्याने लिहून ठेवलं आहे. त्यानंतरही काही काळ तो चाचपडला, आणि १६०५ मध्ये दीर्घवर्तुळावर स्थिरावला, सूर्य एका नाभीवर.

हा फरक किती बारीक आहे ते कंपास घेऊन पाहावं. १० सेंटिमीटर त्रिज्येचं वर्तुळ काढा. मंगळाची खरी कक्षा त्या वर्तुळापासून जास्तीत जास्त ०.४३ मिलिमीटर आत जाते. बोथट पेन्सिलीची रेघ तेवढी जाड असते. सूर्य मात्र केंद्रापासून ९ मिलिमीटरहून जास्त सरकलेला असतो. मंगळाऐवजी शुक्र किंवा पृथ्वी वाट्याला आली असती तर टायकोच्या वेधांतही हा फरक दिसला नसता. त्यांच्या कक्षा जवळजवळ वर्तुळच आहेत. बुधाची कक्षा मंगळाहून जास्त चपटी, पण तो सूर्याच्या उजेडात इतका बुडालेला असतो की वेध कमी आणि कच्चे मिळतात. लाँगोमोंटॅनसकडचा मंगळ केप्लरकडे आला, ही वाटणी या प्रकरणाचं भाग्य म्हणावं लागेल.

कोष्टकं आणि उशीर

मंगळावरचा ग्रंथ १६०५ मध्ये जवळपास तयार होता, छापून आला १६०९ मध्ये. पैशांची अडचण होती, आणि टायकोच्या वारसांशी वेधांच्या मालकीवरून वाद होता. टायको १६०१ मध्ये वारला आणि वह्या केप्लरने ताब्यात ठेवल्या होत्या. सगळ्या ग्रहांची 'रुडॉल्फाइन' कोष्टकं तर १६२७ पर्यंत रखडली. मध्येच, १६१४ मध्ये, नेपियरचे लॉगॅरिथम आले आणि केप्लरने गणिताची घडी त्यांच्यावर नव्याने बसवली. लिंझचा छापखाना १६२६ च्या वेढ्यात जळाला, म्हणून छपाई उल्मला न्यावी लागली.

दरम्यान १६१९ मध्ये त्याने तिसरा नियम छापला: काळाचा वर्ग अंतराच्या घनाच्या प्रमाणात. मंगळाचं अंतर १.५२४, त्याचा घन ३.५४, काळ १.८८१ वर्षं, त्याचा वर्ग ३.५४. पृथ्वी १ आणि १ घेऊन शुक्र-मंगळांच्या मध्ये चपखल बसते. टायकोच्या रचनेत पृथ्वीभोवती चंद्रही फिरतो आणि सूर्यही. हाच नियम त्या दोघांना लावला तर सूर्य चंद्राच्या फक्त साडेपाच पट दूर असायला हवा. त्या काळच्या अंदाजानेसुद्धा तो वीसेक पट दूर होता. ग्रहांना चालणारा नियम टायकोच्या पृथ्वीपाशी येऊन मोडतो.

दुर्बिणीचा वाटा

१६१० मध्ये गॅलिलिओला गुरूचे चंद्र दिसले आणि वर्षाच्या शेवटी शुक्राच्या, चंद्रासारख्या वाढत्या-घटत्या कला. शुक्र लहान असताना जवळपास पूर्ण गोल आणि मोठा असताना कोर, म्हणजे तो सूर्याभोवतीच फिरतो. टॉलेमी तिथे संपला. पण टायकोच्या रचनेतही शुक्र सूर्याभोवतीच आहे आणि कला अगदी तशाच दिसतात. दुर्बिणीने चारांतला एक पर्याय खोडला, उरलेल्यांतून निवड करून दिली नाही. म्हणूनच १६५१ मध्येही रिचोलीसारखा जाणता खगोलज्ञ दोन्ही बाजूंचे सव्वाशेवर मुद्दे मांडून टायकोच्या वळणाची रचना पसंत करू शकला.

कसोटी: ७ नोव्हेंबर १६३१

रुडॉल्फाइन कोष्टकांवरून केप्लरने जाहीर केलं होतं की ७ नोव्हेंबर १६३१ ला बुध सूर्यबिंबावरून जाईल. आकडा थोडा चुकू शकतो, म्हणून आदल्या दिवसापासून पाहत राहा, अशी सूचनाही होती. तो स्वतः १६३० मध्ये वारला.

पॅरिसमध्ये गासेंदीने अंधाऱ्या खोलीत दुर्बिणीतून सूर्याचं बिंब कागदावर पाडलं. ढग येत-जात होते. एक बारीक काळा ठिपका दिसला आणि त्याला तो सूर्यावरचा डाग वाटला, कारण बुध कितीतरी मोठा असेल अशी अपेक्षा होती. ठिपका मात्र कुठल्याही डागाला जमणार नाही इतक्या वेगाने सरकत होता. तो बुधच होता, गासेंदीच्या मोजमापाने सुमारे २० विकला रुंद (विकला म्हणजे कलेचा साठावा भाग).

केप्लरच्या कोष्टकाची चूक अर्ध्या अंशाच्याही आत होती. जुन्या कोष्टकांची चार-पाच अंशांची. शिवाय ग्रह डोळ्यांना भासतात त्यापेक्षा प्रत्यक्षात फार लहान निघाले. ताऱ्यांच्या रुंदीवर उभा असलेला टायकोचा आक्षेप तिथेच डळमळायला लागला. १६३९ मध्ये इंग्लंडमधल्या हॉरॉक्सने केप्लरच्या कोष्टकांशी स्पर्धा करणारी लान्सबर्गेनची कोष्टकं आकाशाशी ताडून टाकून दिली, केप्लरची घेऊन स्वतः दुरुस्त केली आणि केप्लरच्या गणिताने हुकणारं शुक्राचं अधिक्रमण, म्हणजे सूर्यबिंबावरून जाणं, होणार असं काढलं. सूर्यास्ताआधी अर्धा तास त्याला ते दिसलं.

निष्पत्ती

मतपरिवर्तन एका दिवसात झालं नाही. १६१६ मध्ये रोममध्ये कोपर्निकसच्या ग्रंथावर दुरुस्तीपर्यंत बंदी आली, १६३३ मध्ये गॅलिलिओला शिक्षा झाली. कॅथलिक देशांत उघड बोलणं थांबलं, पण केप्लरची कोष्टकं वापरणं थांबलं नाही. सर्वांत बोलकं उदाहरण बोलोन्याचं. तिथल्या सान पेत्रोनियो चर्चच्या छताला २७ मीटर उंचीवर भोक ठेवून, फरशीवर ६७ मीटरची रेषा आखून कासिनीने १६५५ पासून सूर्याचं बिंब मोजलं. सूर्याची दिसणारी गती वर्षभरात बदलते, ती नुसत्या अंतरामुळे की तो बदल निम्मा खरा आहे? नुसत्या अंतरामुळे असेल तर बिंबाचा व्यास जितका बदलायला हवा, त्याच्या निम्माच बदल फरशीवर उतरला. केप्लरचं ०.०१८ बरोबर ठरलं, ते चर्चच्या छताखाली. कोण कोणाभोवती फिरतं हे त्यातून ठरत नाही, पण केप्लरच्या गणितावर शिक्कामोर्तब झालं.

अडथळा उरला क्षेत्रफळाच्या नियमाचा. त्यातून ग्रहाची जागा थेट निघत नाही, अंदाज घेत-घेत जावं लागतं. म्हणून बुलिओपासून अनेकांनी दीर्घवर्तुळ घेतलं आणि नियम सोडून रिकाम्या नाभीलाच समगती-बिंदू केलं. गणित सोपं झालं आणि मंगळ पुन्हा सात-आठ कला चुकू लागला. १६८७ मध्ये न्यूटनने गुरुत्वाकर्षणातून तिन्ही नियम काढून दाखवल्यावर हा घोळ मिटला, आणि जड पृथ्वी फिरवतं कोण हा प्रश्नही. तोवर कामाचे बहुतेक खगोलज्ञ सूर्याच्या बाजूला आलेले होते.

थेट पुरावा त्यानंतर आला. ब्रॅडलीने ड्रॅको समूहातला तारा वर्षभरात २० विकला इकडे-तिकडे झुकताना पाहिला आणि १७२८ मध्ये त्याचं कारण ओळखलं: पृथ्वीची गती आणि प्रकाशाची गती यांचा मेळ. ज्या सरकेसाठी टायको अडला होता, ती बेसेलने १८३८ मध्ये ६१ सिग्नी या ताऱ्याची मोजली: ०.३१ विकला. टायकोच्या यंत्रांच्या ताकदीबाहेर, जवळपास दोनशे पटींनी.

या कोष्टकांची परंपरा आपल्याकडेही पोहोचली. केरो लक्ष्मण छत्रे यांनी १८६० मध्ये 'ग्रहसाधनाची कोष्टके' काढली ती युरोपीय कोष्टकांच्या आधाराने, आणि महाराष्ट्रातला दृक्प्रत्ययाचा पंचांगवाद त्यानंतर रंगला. पंचांगात मंगळ आजही 'वक्री' होतो, पण ते वक्रीपण काढणारं गणित सूर्यापासून सुरू होतं.

वेगळं काय करता आलं असतं

टायकोने सूर्याचं लंबन, म्हणजे पृथ्वीच्या आकारामुळे त्याच्या जागेत दिसणारी सरक, तीन कला धरलं. खरं सुमारे ९ विकला आहे. हा आकडा परंपरेने आलेला, आणि ज्याने बाकी सगळं नव्याने मोजलं त्याने हा एक तसाच ठेवला. त्यामुळे सूर्याचे वेध नासले आणि दुरुस्तीत वर्षं गेली. जुना आकडा घेताना तो कोणी, कशाने मोजला हे विचारायला हवं होतं.

गॅलिलिओने १६३२ च्या ग्रंथात टॉलेमी आणि कोपर्निकस या दोघांचीच तुलना केली, टायकोचा खरा प्रतिस्पर्धी जवळपास वगळला, आणि मुख्य पुरावा म्हणून भरती-ओहोटी पुढे केली. ती त्याची उपपत्ती चुकीची होती. दीर्घवर्तुळ छापून तेवीस वर्षं झालेली असताना त्याने वर्तुळंच ठेवली. मुद्रित असलेला सर्वांत भक्कम पुरावा त्याने वापरलाच नाही, याची मला खरोखर खंत वाटते.

वेधांच्या वह्या कोणाच्या, हे टायको जिवंत असताना लेखी ठरलं असतं तर काही वर्षं वाचली असती.

आणि आज शिकवताना शुक्राच्या कलांपाशी थांबू नये. पंचांग हाताशी असतं, त्यातले निरयन भोगांश, म्हणजे क्रांतिवृत्तावरच्या जागांचे अंश, ताऱ्यांच्या चौकटीत असतात; नेमकी तीच चौकट इथे लागते. १६ जानेवारी २०२५ ला मंगळाची प्रतियुती होती, त्यामुळे त्याची सूर्यावरूनची दिशा थेट मिळते. तिथून ६८७ दिवस मागे १ मार्च २०२३, आणखी मागे १३ एप्रिल २०२१. तिन्ही दिवसांचे सूर्य आणि मंगळ एकाच वेळेचे उतरवा, १ मार्च आणि १३ एप्रिलचे त्रिकोण काढा. पृथ्वीचं सूर्यापासूनचं अंतर मंगळाच्या अंतराच्या मापात दोन ठिकाणी निघेल. दिवस मोजताना मात्र सांभाळा: एक दिवस इकडे-तिकडे झाला तर मंगळ कक्षेत अर्धा अंश सरकतो, आणि त्या तीस कलांमध्ये केप्लरच्या आठ कला बुडून जातात.